दुसऱ्या खेळाडूची खुर्ची

१

दुसऱ्या भाषांतले सिनेमे आपल्या भाषेत बोलते करणं हे बाबांचं काम. ते आमच्या घराच्या मागच्या खोलीत चालायचं. त्या खोलीच्या भिंतींना राखाडी फोम, खाली जुने गालिचे, आणि दाराच्या आत आणखी एक दार. मध्ये एक मोठी काच. काचेच्या अलीकडे बाबा आणि त्यांची बटणं. पलीकडे माइक, एक छोटा पडदा आणि बोलणारा माणूस.

शाळेतून आले की मी दप्तर ठेवायचे, हात धुवायचे आणि चपला काढून तिकडे जायचे. तिथे चपला चालत नसत. माइक इतक्या तिखट कानाचा, की माझ्या पोटात गुरगुरलं तरी बाबा काचेपलीकडून विचारायचे, "डबा तसाच आणलास ना परत?"

मी गाइड करायचे. खरे कलाकार येण्याआधी कुणीतरी सगळी वाक्यं साध्या आवाजात बोलून ठेवतं, त्याला गाइड म्हणतात. कलाकार आत उभा राहिला की त्याच्या हेडफोनमध्ये उजव्या कानात मूळ सिनेमा वाजतो आणि डाव्या कानात गाइड. ते ऐकत ऐकत तो बोलतो, म्हणजे पडद्यावरच्या ओठांशी वाक्यं जुळतात. काम झालं की गाइड बंद करतात. थिएटरमध्ये तो कुणालाही ऐकू येत नाही.

मी चारचौघांत बोलत नाही. उत्तर येत असलं तरी वर्गात हात वर करत नाही. पण तिथे, मंद उजेडात, दुसरंच कुणीतरी माझ्याऐवजी तोंड हलवत असताना मला बोलता यायचं. "मोठीचा नेम चुकत नाही," बाबा म्हणायचे. "ओठ उघडायच्या आत हिचं वाक्य दारात हजर."

घरात मी मोठी. धाकटी ती भिंगरी. ती आठ वर्षांची आहे, आणि एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. जेवणाच्या टेबलाशी आमच्या चार खुर्च्या. बाबांच्या शेजारची, खिडकीजवळची खुर्ची तिची. निळ्या काठाची ताटलीही तिची. तशी घरात एकच उरली होती. दोन्ही आधी माझ्या होत्या. कुणी हिसकावून घेतल्या नाहीत. तिने भोकाड पसरलं आणि मी "घे" म्हटलं, कारण मोठ्या मुली तसं म्हणतात.

मला स्वयंपाकघराच्या दाराकडची खुर्ची मिळाली. तिचा एक पाय आखूड, म्हणून मी आपला एक पाय अंगाखाली दुमडून बसायचे. आई मागून जाताना रोज म्हणायची, "पाय सोड गं खाली. कंबर वाकडी होईल."

२

तो सिनेमा आला तेव्हा बाबा पहिल्याच दिवशी इतके हसले की आई हात पुसत बघायला आली.

व्हिडिओ गेमच्या आत राहणाऱ्या एका कुटुंबाची ती गोष्ट होती. सगळी चौकोनी चौकोनी माणसं. बाप रोज सकाळी कामाला निघतो आणि दारासमोरच्याच खड्ड्यात पडतो, मग टुंग असा आवाज होऊन पुन्हा दारात उभा. आई शेवटच्या पायरीवरच्या राक्षसाशी लढायच्या ऐवजी त्याच्याशी घासाघीस करते आणि राक्षस कंटाळून वाट सोडतो.

"रोज त्याच खड्ड्यात पडतो, पण रस्ता बदलत नाही," आई म्हणाली. "ओळखीचा वाटतो माणूस."

"आणि त्या राक्षसाचं मला फार वाईट वाटतं," बाबा म्हणाले. "त्याचे हाल मीच जाणतो."

त्या घरात एक मुलगी होती. बाबांनी तिचं नाव ठिपकी ठेवलं. उडी मारली की तिच्या दोन्ही वेण्या वर जायच्या आणि ती खाली आल्यावर जरा वेळाने खाली यायच्या. त्यांच्या टेबलाशीही चार खुर्च्या होत्या. चौथी दुसऱ्या खेळाडूची. गेम सुरू झाल्यापासून दुसरा खेळाडू कधी आलाच नव्हता, तरी ठिपकी रोज जेवताना त्या खुर्चीसमोर एक ताटली मांडायची. बाप म्हणायचा, "अगं, कुणी येणार नाही." ती म्हणायची, "आला तर?"

सिनेमाभर हा विनोद पुन्हा पुन्हा येतो. मला ठिपकी फार आवडली. तिची सगळी वाक्यं मला पाठ झाली. तिच्या ओठांना माझं बोलणं इतकं बसायचं, की कधीकधी मी आधी बोलले की ती, ते मला कळायचं नाही. मला वाटलं, या वेळी मॅडम मलाच घेतील.

मॅडम म्हणजे डबिंगच्या दिग्दर्शिका. त्यांनी डोळे मिटून माझा गाइड ऐकला.

"ओठ चोख आहेत," त्या म्हणाल्या. "एकाही जागी बोट ठेवता येणार नाही. पण आवाज... काय सांगू, गाइडला असाच आवाज लागतो बघ. लक्षात न राहणारा."

त्या हे प्रेमाने म्हणाल्या. मी मान डोलावली.

तेवढ्यात दोन्ही दारं ढकलून भिंगरी आत आली. एक पाय मोज्यात, एक उघडा. "माझा मोजा कुणी घेतला?" ती किंचाळली. बाबांनी दचकून कानावरचे हेडफोन काढले.

मॅडमनी डोळे उघडले. "ही कोण?"

३

भिंगरीला ठिपकी मिळाली. आईने संध्याकाळी मावशीला फोन करून सांगितलं, मग मामाला, मग पुन्हा मावशीला, काहीतरी राहिलं म्हणून. मी टेबल पुसत होते. "हो हो, मोठीचीही मदत आहेच," आई फोनमध्ये म्हणाली.

भिंगरीने मला मागून मिठी मारली. "ताई, तू मला शिकवशील ना?"

"शिकवीन," मी म्हटलं. तिच्या केसांना शाम्पूचा वास येत होता. मला ती आवडते. ते खोटं नाही. पण टेबलाचा पुसून झालेला कोपरा मी पुन्हा पुसायला घेतला.

गाइडचा थोडा भाग राहिला होता. दुसऱ्या दिवशी बाबांनी तो लावला. जेवणाचा प्रसंग. ठिपकी ताटली मांडते, बाप म्हणतो कुणी येणार नाही, ती म्हणते "आला तर?" मग आईबाप आपसात भांडायला लागतात आणि ती रिकाम्या खुर्चीकडे झुकून काहीतरी कुजबुजते. काय ते मूळ सिनेमातही ऐकू येत नाही. स्क्रिप्टमध्ये कंसात नुसतं 'कुजबुज' लिहिलेलं.

अशा ठिकाणी गाइडवाल्याने मनाला येईल ते पुटपुटायचं असतं. ओठ भरले की झालं. काही जण आकडे म्हणतात, काही जण भाज्यांची नावं.

ठिपकीचे ओठ हलले आणि मी पुटपुटले, "ती खुर्ची मला दे ना."

मी ते ठरवून म्हटलं नव्हतं. पण ओठ अगदी बसले. बाबांनी काचेपलीकडून अंगठा दाखवला. त्यांनी शब्द ऐकले नसावेत. कुजबुजीत शब्द कोण ऐकतं?

४

भिंगरीला स्क्रिप्ट भराभर वाचता येत नव्हती. तिने सगळं कानानेच करायचं ठरवलं. ती एका डब्यावर उभी राहायची, मोठे हेडफोन एका हाताने धरून, आणि डाव्या कानात जे वाजेल ते तसंच्या तसं पण तिच्या आवाजात बाहेर यायचं. माझं करडं वाक्य आत जायचं आणि रंगीत होऊन बाहेर पडायचं. मी बाबांच्या शेजारी बसून बघायचे.

"पोपट आहे पोपट!" मॅडम खूश होत्या.

जेवणाचा प्रसंग आला. भिंगरी डब्यावर पुढे झुकली. आणि त्या छोट्या पडद्याकडे बघत, अगदी मनापासून, हळूच म्हणाली, "ती खुर्ची मला दे ना."

मी बाबांकडे पाहिलं; ते बटणांवर वाकलेले होते. मॅडम मात्र पुढे सरसावल्या. "हे कुठे आहे स्क्रिप्टमध्ये? काय गोड आहे! ठेवू या. शब्द अर्धवट लागतात, पण भाव बघ ना."

भिंगरी बाहेर आली ती डबा ओढतच. "ताई," तिने मला विचारलं, "तू कानात खुर्ची का मागत होतीस? तुला माझी हवी का? घे की. मला सांगायचं."

"ते आपलं असंच होतं," मी म्हटलं. "ओठ भरायला."

५

दोन-तीन दिवसांनी बाबांना जेवणाच्या प्रसंगात प्लेट मांडल्याचा खण्ण आवाज घालायचा होता. तो आवाज मी द्यायचे, खरी ताटली खऱ्या टेबलावर ठेवून. म्हणून मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहत होते.

चौथी खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकलेली होती.

आधी ती टेबलाच्या आत पूर्ण ढकललेली असायची. मला खात्री होती, कारण खुर्चीची पाठ टेबलाच्या कडेला टेकून एक लहान काळा त्रिकोण व्हायचा आणि माझी नजर नेहमी त्याच्याकडे जायची. आता त्रिकोण नव्हता. खुर्ची आणि टेबल यांच्यात एक हात जाईल एवढी फट होती. कुणी उठून गेल्यावर राहते तशी. किंवा कुणी बसायच्या आधी ओढतं तशी.

"बाबा, सिनेमावाल्यांनी नवी प्रत पाठवली का?"

"नाही गं. का?"

"खुर्ची सरकलीये."

बाबांनी चष्मा वर करून पाहिलं. "अशीच होती."

"नव्हती."

"मोठी, आपल्याकडे येतो तेव्हा सिनेमा संपलेला असतो. चित्र लॉक असतं. आता त्यात ब्रह्मदेवालाही बोट घालता येणार नाही. आपण नुसते बोलके." मग ते हसले. "तो बाप पण म्हणेल, खड्डा आधी इथे नव्हता."

मी स्वतःला समजावलं. लहान पडदा, त्यावर सिनेमा चोरीला जाऊ नये म्हणून उमटवलेला आडवा फिकट शिक्का, माझे थकलेले डोळे. परीक्षा जवळ आली होती. एखादी गोष्ट फार वेळा पाहिली की ती अनोळखी दिसायला लागते, आपलंच नाव पुन्हा पुन्हा लिहिल्यावर दिसतं तसं.

हे सगळं पटण्यासारखं होतं. पण त्यानंतरच्या दिवशी ती फट दोन हातांची झाली होती.

६

भिंगरी शांत होत गेली, आणि सुरुवातीला ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण घरात बरं वाटत होतं.

आई म्हणाली, "शहाणी झाली बाई एकदाची." मोजे जागच्या जागी सापडायला लागले. ती जेवायला आली की खुर्चीमागे उभी राहायची, बसायची नाही. "आधी ताई बसू दे," म्हणायची. एके दिवशी मी तिच्या खुर्चीवर बसले, बाबांच्या शेजारी. खिडकीतून वारा येत होता. बाबांनी बोलता बोलता माझ्या ताटलीतला एक बटाटा उचलला, जसा ते नेहमी भिंगरीच्या ताटलीतला उचलायचे, आणि मला इतकं बरं वाटलं की मला माझी लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली.

भिंगरी माझ्या आखूड पायाच्या खुर्चीजवळ उभी होती. नुसती उभी. गुडघ्यांतून जराशी वर, जराशी खाली, वर, खाली, श्वासाच्या लयीत. हात अंगापासून थोडे लांब. नजर समोर.

तसं मी कुणाला तरी पाहिलं होतं. गेममधली माणसं कुणी बटण दाबत नसलं की तशीच उभी राहतात. ठिपकीही.

"भिंगरी," मी हाक मारली.

ती लगेच वळली. संपूर्ण, एकदम, पायांसकट. "काय ताई?" मग ती पुन्हा समोर बघायला लागली.

मग तिचा आवाज बसला. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, लाल नाही, सूज नाही, थोडी विश्रांती द्या. घरी आल्यावर तिच्या ओठांतून नुसता वारा यायचा.

मॅडमचं काम अडलं. बाबा डोकं धरून बसले. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू करून बघ राहिलेली वाक्यं. तात्पुरती."

मी आत गेले आणि ठिपकीचं एक वाक्य बोलले. काचेपलीकडे मॅडमनी मिटलेले डोळे उघडले. मग बटण दाबून म्हणाल्या, "पुन्हा बोल." मी बोलले. "अगं, हिच्या आवाजात एवढा रंग होता कुठे इतके दिवस?"

आईने संध्याकाळी मावशीला फोन केला. या वेळी माझं नाव सांगितलं. मी दाराआड उभी राहून ते पूर्ण ऐकलं. वळले तर भिंगरी माझ्या मागे उभी होती. वर, खाली, वर, खाली.

७

शेवटची थोडी वाक्यं राहिली होती. दुपार होती. मॅडम यायच्या होत्या, बाबा काचेपलीकडे होते आणि त्यांच्या शेजारच्या स्टुलाजवळ भिंगरी उभी होती.

मी हेडफोन घातले. उजव्या कानात सिनेमा. डावा कान रिकामा हवा होता, कारण माझ्यासाठी कुणी गाइड केलेला नव्हता.

पडद्यावर जेवणाचा प्रसंग लागला. शेवटचा, सिनेमा संपण्याआधीचा. ठिपकीने ताटली मांडली. मी तोंड उघडलं.

"ताई," डाव्या कानात कुणीतरी म्हणालं.

मी वाक्य चुकले. बाबांनी हाताने खूण केली, पुन्हा घेऊ. प्रसंग मागे गेला. पुन्हा ठिपकी, पुन्हा ताटली.

"ताई, इथलं सगळं जेवण चौकोनी आहे," डाव्या कानातला आवाज म्हणाला. अगदी लहान, दूरच्या खोलीतून येणारा, पण बसलेला नाही. खणखणीत. "आणि कशालाच चव नाही. मला घरी कधी न्यायचं?"

मी काचेतून पाहिलं. भिंगरी बाबांच्या शेजारी उभी होती. तिचं तोंड बंद होतं. ओठ एकमेकांवर नीट मिटलेले. ती माझ्याकडे बघत होती, पण पापण्या हलत नव्हत्या. मग एकदम हलल्या, दोन्ही, एकदाच. पडद्यावर ठिपकीच्याही हलल्या.

माझं मन तेव्हाही कारणं शोधत होतं. जुनं रेकॉर्डिंग वाजत असेल. बाबांनी चुकून भिंगरीचा ट्रॅक चालू ठेवला असेल. तिला सवयच आहे काहीबाही बडबडायची, राहून गेलं असेल काही.

मी चौथ्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची आपल्याकडे पाठ करून असते. तिच्या पाठीवरून वर केसांचा भांग दिसत होता. चौकोनी ठिपक्यांचा, पण वाकडा. भिंगरीचा भांग रोज वाकडा येतो, कारण ती आईसमोर स्थिर बसत नाही. भांगाच्या बाजूला तिची रोजची पिवळी पिन होती. त्या सिनेमात दुसरं काहीही पिवळं नव्हतं.

८

मी काही बोलले नाही, ते भीतीमुळे नाही.

मला पुढचं सगळं दिसत होतं. थिएटर, माझा आवाज. मॅडमचा पुढचा सिनेमा. खिडकीजवळची खुर्ची. निळी ताटली. बाबांच्या शेजारी रोज. भिंगरी असणारच होती घरात; शांत, शहाणी, मोजे जागच्या जागी. कुणालाही काही कळलं नसतं. फक्त डावा कान झाकून घ्यायचा. मी हात वर नेलाही.

"ताई, ही खुर्ची तुला हवी होती ना?" आवाज म्हणाला. "मी फक्त तुझं ऐकून म्हटलं."

ती पोपट होती. मी बोलले ते ती बोलली. मागणं माझं, आणि दिलं कुणाला? पुन्हा तिलाच. खिडकीची खुर्ची तिला, निळी ताटली तिला, ठिपकी तिला, आणि मी सगळ्या जगात ज्या एका खुर्चीसाठी तोंड उघडून 'दे' म्हणाले, त्या खुर्चीवरही तीच बसली होती.

मला इतका राग आला की रडू आलं.

"ऊठ तिथून," मी माइकमध्ये म्हणाले. माझ्या आवाजात, गाइडच्या नाही, ठिपकीच्याही नाही. "ऊठ म्हणते ना. ती खुर्ची मी मागितली होती. ती माझी आहे. तू घरी जा."

पडद्यावर ठिपकीच्या ओठांना ते वाक्य बसलं. अगदी चोख.

काचेपलीकडे बाबा गोंधळून काहीतरी बोलत होते; बहुधा, हे स्क्रिप्टमध्ये नाही. आणि त्यांच्या शेजारी भिंगरी दोन्ही कानांवर हात ठेवून किंचाळली. दोन दारांतून, जाड काचेतून, फोममधून मला ते ऐकू आलं.

"मला भूक लागलीये!"

बाबा खुर्चीवरून पडता पडता वाचले. मग हसत सुटले, तिला उचलून गरगर फिरवलं, आईला हाका मारल्या. "आला! आवाज आला! अगं, भोंगा परत आला!"

मी आतच होते. हेडफोनच्या डाव्या कानात आता काही नव्हतं. मी आतलं दार ढकललं, ते नेहमीपेक्षा जड वाटलं. बाहेर आले तेव्हा आई भिंगरीला पोटाशी धरून उभी होती. बाबा म्हणाले, "चला, मॅडम येईपर्यंत राहिलेली वाक्यं हिच्याकडून काढून घेऊ." त्यांनी माझ्या मागचं दार लावलं, कुणीतरी उघडं टाकल्यासारखं.

नंतर ते माझ्या वाक्यांचा ट्रॅक शोधत होते. "इथे काहीच कसं नाही?" ते स्वतःशी म्हणाले. "नुसता खोलीचा आवाज."

९

सिनेमा लागला तेव्हा आम्ही पहिल्या दिवशी गेलो. थिएटर भरलं होतं. ठिपकी बोलायला लागली की लहान मुलं उड्या मारायची. आई भिंगरीचा हात सोडत नव्हती.

जेवणाचा शेवटचा प्रसंग आला. मी खाली बघायचं ठरवलं होतं. पण भिंगरीने माझ्या बाहीला धरून ओढलं.

"ताई," ती कुजबुजली, "बघ ना. दुसरा खेळाडू आलाय."

एवढ्या मोठ्या पडद्यावर मला त्या खुर्चीची पाठ दिसली आणि तिच्यावर बसलेलं कुणीतरी, पाठमोरं. एक पाय अंगाखाली दुमडलेला. थिएटरात सगळे हसत होते; बहुधा राक्षसाला. ती पाठमोरी आकृती हळूहळू मान वळवायला लागली, आणि मी भिंगरीच्या डोळ्यांवर हात ठेवला. माझे स्वतःचे डोळे मी मिटले की नाही, ते मला सांगता येत नाही.

त्याआधी, मध्यंतरात, आईने खाऊची पाकिटं आणली होती. एक बाबांना, एक भिंगरीला, एक स्वतः घेतलं. मी म्हटलं, "आई, मला?" तिने माझ्या जागेकडे पाहिलं. मग तिथे पर्स ठेवली. पर्स माझ्या मांडीवर होती. तिचं वजन मला लागत होतं.

मी समजावते स्वतःला. अंधार होता. गर्दी होती. माझा आवाज आधीपासूनच असा, लक्षात न राहणारा.

आता घरी जेवायची वेळ झाली की आई तीन ताटल्या मांडते. भिंगरी उठते, कपाटातून चौथी काढते आणि स्वयंपाकघराच्या दाराकडच्या खुर्चीसमोर ठेवते. खण्ण.

"सिनेमाचं वेड काही उतरत नाही हिचं," आई म्हणते.

"अगं, कुणी येणार नाही," बाबा हसून म्हणतात, ठिपकीच्या बापाच्या आवाजात.

"आली तर?" भिंगरी म्हणते.

ती आता खिडकीकडच्या खुर्चीवर बसत नाही. माझ्या शेजारी बसते, तिचा डावा कान माझ्याकडे येईल अशी. शाळेत काय झालं ते मी तिला हळूच सांगते आणि ती हसते. माझं एखादं वाक्य ती मोठ्याने म्हणते, आणि बाबा म्हणतात, कुठून सुचतं गं तुला हे.

कधीकधी आई हातात भांडं घेऊन माझ्या मागून जाते आणि थांबते. "पाय..." म्हणते. मग रिकाम्या हाताने कपाळ चोळते. "काय बरं म्हणत होते मी," असं काहीतरी पुटपुटत पुढे जाते.

मी पाय खाली सोडते. ती गेली की पुन्हा दुमडून घेते.

भिंगरीने स्वतःसाठी साधी पांढरी ताटली घेतली आहे. निळ्या काठाची ती माझ्यासमोर ठेवते. रोज.